मोटार ‘टक’ करते, सुरू होत नाही : आरंभक मंडलाची रचना व दोषनिदान

किल्ली फिरवली की ‘टक’ असा एकच आवाज यावा, किंवा ‘टकटकटक’ अशी माळ लागावी, आणि एंजिनाने मात्र एक फेराही घेऊ नये, या दोषाला गॅरेजांतून ‘सेल्फ उचलत नाही’ असे म्हणतात. पेट्रोलवरच्या व डिझेलवरच्या, जुन्या व नव्या अशा सर्वच मोटारींत तो आढळतो. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे नवी बॅटरी बसवणे. काही वेळा तो योग्यच ठरतो. पण पुष्कळदा मूळ दोष दुसरीकडे असतो आणि थोड्याच दिवसांत नव्या बॅटरीवरही तोच आवाज ऐकू येऊ लागतो. वास्तविक दोषाची जागा कोणती, हे तो आवाजच बऱ्याच अंशी सांगत असतो. तो कोठून येतो, एकदा येतो की अनेकदा, त्या वेळी दिव्यांचे काय होते, एवढे लक्षपूर्वक पाहिले तर निदानाचे निम्मे काम हत्यार हाती घेण्यापूर्वीच होते.

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत हा दोष वरचेवर भेटावा, याला कारणे आहेत. फारुकी सुलतानांनी वसवलेल्या या शहरातील जुने रस्ते मोटारींसाठी आखलेले नाहीत. अरुंद गल्लीत लावलेली गाडी बाहेर काढणे हे एक स्वतंत्र कामच असते. त्यामुळे रोजची ये-जा दुचाकीवर होते आणि लग्नकार्य, दवाखाना किंवा रावेर-भुसावळकडचा प्रवास निघेपर्यंत मोटार उभी राहते. एरवी निघाली तरी बाजार किंवा रेल्वे स्थानक, म्हणजे दोन-चार किलोमीटर. त्यात तापी खोऱ्याचा उन्हाळा : मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसवर जातो आणि बॉनेटखालचे तापमान त्याहून बरेच अधिक असते. दीर्घ विश्रांती, तोकडे प्रवास आणि उष्णता हे तिन्ही घटक बॅटरीला मारक आहेत.

अंतर्ज्वलन एंजिनाला मुळात आरंभकाची गरज का भासते, हे आधी पाहिले पाहिजे. वाफेचे एंजिन किंवा विद्युत चलित्र स्थिर अवस्थेतूनही बल देऊ शकते. अंतर्ज्वलन एंजिनाला मात्र हवा व इंधन आधी आत ओढावे लागते, दाबावे लागते, आणि मगच ज्वलन होऊन शक्ती मिळते. म्हणजे पहिले काही फेरे त्याला बाहेरूनच द्यावे लागतात. आरंभीच्या मोटारींत हे काम समोरच्या बाजूस लोखंडी हँडल घालून माणूस करीत असे. ज्वलन अवेळी झाले तर हँडल उलटा झटका देई आणि त्यात मनगट मोडण्याचे अपघात घडत. आपल्याकडे जीप, अँबॅसिडर व फिएट या गाड्यांमुळे हे हँडल एका संपूर्ण पिढीच्या परिचयाचे होते.

विजेवर चालणारा व्यवहार्य आरंभक अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली सिद्ध केला आणि कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ च्या मोटारींत तो प्रथम बसवला गेला. एंजिन फिरवू शकेल इतके शक्तिमान चलित्र मोटारीत मावणार नाही, अशी तोवर अनेकांची समजूत होती. केटरिंग यांनी पूर्वी दुकानांतील रोकडयंत्रासाठी विजेचे चलित्र बनवले होते. त्या अनुभवातून त्यांनी ओळखले, की जे चलित्र केवळ काही सेकंदच चालवायचे आहे, त्यावर त्याच्या आकाराच्या मानाने कितीतरी अधिक भार टाकता येतो. आजचा प्रत्येक स्टार्टर याच तत्त्वावर उभा आहे. म्हणूनच तो सलग दहा सेकंदांहून अधिक काळ चालवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला निवू द्यावे, हा नियम पाळावा लागतो. भारतात मोटारींच्या विद्युत उपकरणांच्या निर्मितीसाठी मद्रास येथे लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली.

आरंभक मंडलाचे प्रत्यक्षात दोन भाग असतात आणि हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे काहीच उलगडत नाही. पहिला भाग आज्ञेचा. किल्ली किंवा बटण, क्लच अथवा गिअरशी जोडलेला सुरक्षा-स्विच, फ्यूज आणि रिले यांमधून जाणारी ही धारा अल्प असते व बारीक तारेतून वाहते. दुसरा भाग शक्तीचा. बॅटरीपासून चलित्रापर्यंत बोटाएवढ्या जाड तारेतून वाहणारी ही धारा लहान पेट्रोल मोटारीत साधारण १०० ते १५० अँपिअर असते. डिझेल एंजिनात संपीडन अधिक असल्याने ती २०० अँपिअरच्या पुढे जाते. चलित्राचे लहान दंतचक्र एंजिनाच्या प्रचक्रावरील (फ्लायव्हीलवरील) दात्यांच्या मोठ्या कड्यात गुंतते आणि चलित्राच्या सुमारे दहा ते पंधरा फेऱ्यांमागे एंजिनाचा एक फेरा होतो.

या दोन भागांना जोडणारा दुवा म्हणजे चलित्राच्या पाठीवर बसवलेले नालकुंतल (सोलेनॉइड). ‘टक’ हा आवाज बहुधा याचाच असतो. त्याच्या पोटात एक लोखंडी दांडा असतो आणि त्याभोवती तारेची एक नव्हे, दोन वेटोळी असतात. एकाला आकर्षक कुंतल व दुसऱ्याला धारक कुंतल म्हणता येईल. किल्ली फिरताच दोहोंतून धारा वाहते आणि दांडा जोराने आत ओढला जातो. तो एकीकडे तरफेच्या साहाय्याने दंतचक्राला प्रचक्राच्या कड्यात ढकलतो आणि दुसरीकडे तांब्याची एक चकती दोन जाड संपर्कबिंदूंवर दाबतो. चकती टेकली की बॅटरी थेट चलित्राला जोडली जाते. त्याच क्षणी आकर्षक कुंतलाच्या दोन्ही टोकांना सारखेच विभव मिळते आणि त्यातली धारा आपोआप थांबते. दांडा आत ओढायला मोठे बल लागते, आत आलेला दांडा धरून ठेवायला थोडे पुरते. त्यामुळे पुढचे काम धारक कुंतल एकटे करते. इतक्या लहान वस्तूत इतका नेटका विचार भरलेला क्वचितच सापडतो.

बॅटरी अशक्त असली की याच रचनेतून टकटक उपजते. अशक्त बॅटरीतही दांडा आत ओढण्याइतकी शक्ती उरलेली असते. चकती टेकते, चलित्र एकदम शंभरावर अँपिअरची मागणी करते आणि बॅटरीचे विभवांतर कोसळते. आता धारक कुंतलालाही पुरेशी धारा मिळत नाही. दांडा सुटतो, चकती उचलली जाते, मागणी थांबते, विभवांतर पुन्हा सावरते आणि दांडा परत ओढला जातो. सेकंदात अनेक वेळा चालणाऱ्या या चक्राचा ध्वनी म्हणजे टकटकीची माळ. तेव्हा माळ लागली की आज्ञेचा भाग, म्हणजे किल्ली, फ्यूज व रिले, ठीक आहे आणि नालकुंतलही जिवंत आहे, असे बहुतेक वेळा मानता येते. दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडांत शोधावा.

एकच जड ‘टक’ आला तर अर्थ बदलतो. येथे दांडा आत जाऊन तेथेच थांबला आहे, म्हणजे तो सुटण्याइतके विभवांतर कोसळलेले नाही. तरीही चलित्र फिरत नाही. तांब्याची चकती जळून काळवंडली असेल, चलित्रातील कार्बनचे ब्रश झिजले असतील, एंजिनाची अर्थ-तार सैल असेल किंवा यंत्र कोठेतरी अडकले असेल. तिसरा प्रकार हलक्या, बारीक ‘टिक’चा. तो डॅशबोर्डखालून अथवा फ्यूजच्या पेटीतून येतो. तो रिलेचा आवाज असतो आणि आज्ञा नालकुंतलापर्यंत पोचत नाही, असे सुचवतो. त्या वाटेवरची सैल पिन किंवा तुटलेली बारीक तार स्वस्तात दुरुस्त होते. मोठ्या आवाजाशी या ‘टिक’ची गल्लत झाल्यास मात्र चांगला स्टार्टर विनाकारण खोलला जातो. चलित्र गुरगुरत फिरते पण एंजिन फिरत नाही, तेव्हा दंतचक्रामागचा एकदिश क्लच घसरत असतो. आणि एंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर तो इंधनाचा वा ठिणगीचा प्रश्न असून या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

आवाजाला दिव्यांची साक्ष जोडावी. समोरचे मोठे दिवे लावून किल्ली फिरवायची. दिवे अगदी मंदावले, तर बॅटरी रिकामी आहे किंवा अडकलेले चलित्र अमर्याद धारा ओढत आहे. दिवे जसेच्या तसे तेजस्वी राहिले, तर चलित्राकडे धारा जातच नाही. संपर्क कोठेतरी तुटलेला आहे. येथे एका व्यापक गैरसमजाची नोंद करणे आवश्यक आहे. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून बॅटरी चांगली, असे बहुतेक लोक धरून चालतात. समोरच्या दोन्ही दिव्यांना मिळून सुमारे १० अँपिअर लागतात, स्टार्टरला त्याच्या दहा-पंधरा पट. दिव्यांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली बॅटरी स्टार्टरच्या परीक्षेत सहज नापास होते.

आता सर्वांत दुर्लक्षित दोषाकडे, म्हणजे जोडांतील रोधाकडे वळू. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट किंवा हिरवट-निळा क्षार जमतो. आम्लाच्या वाफांनी शिसे व तांबे खाल्ले जाऊन तयार झालेली ही सल्फेटे आहेत. त्यातील निळी छटा मोरचुदाचीच असते, जे केळी-कपाशीच्या शेतकऱ्याला फवारणीमुळे चांगले ठाऊक आहे. या थरामुळे जोडात केवळ ०.०२ ओहम रोध निर्माण झाला असे मानू. दिव्यांच्या १० अँपिअरला तेथे ०.२ व्होल्टची तूट येईल, जी डोळ्यांना जाणवणार नाही. स्टार्टरच्या १५० अँपिअरला तीच तूट ३ व्होल्ट होईल आणि चलित्र लंगडे पडेल. शिवाय त्या एवढ्याशा जागी ४५० वॅट उष्णता निर्माण होईल. म्हणून दोन-तीन प्रयत्नांनंतर टर्मिनल हाताला गरम लागले, तर दोष तेथेच आहे. बऱ्हाणपूरच्या वाचकाला याचे स्वरूप कुंडी भंडाऱ्यावरून समजेल. मोगल सरदार खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्यापासून शहरापर्यंत भूमिगत कालव्याने आणलेल्या त्या पाण्याच्या वाटेत भिंतींवर चुन्याचे थर चढत गेले आणि मार्ग अरुंद झाला. उगमापाशी पाणी असूनही प्रवाह घटावा, तसेच येथे घडते.

बॅटरीच्या टर्मिनलाइतकीच महत्त्वाची, पण नजरेआड राहणारी जागा म्हणजे एंजिनाची अर्थ-तार. एंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असल्याने चॅसिसपासून विद्युतदृष्ट्या वेगळे असते. तांब्याच्या विणलेल्या पट्ट्याने ते जोडले नाही, तर परतीची धारा क्लच अथवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि त्या केबल तापतात. परीक्षा सोपी आहे. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला व दुसरे एंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. गाडी लगेच उचलली, तर नवी बॅटरी नको, नवा पट्टा हवा.

काहीशे रुपयांचा मल्टिमीटर हाती असेल तर अंदाजाला जागाच उरत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट असतात. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर १२.६ व्होल्ट मिळाले तर बॅटरी पूर्ण भारित, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या आसपास म्हणजे रिकामी समजावी. आकडा १०.५ च्या जवळ थबकला असेल, तर एक घट मेला आहे आणि चार्जिंगचा उपयोग नाही. मात्र विश्रांतीतल्या या मापावर थांबू नये. खरे माप भाराखालचे. दुसरी व्यक्ती किल्ली फिरवीत असताना बॅटरीच्या दोन टोकांवरील विभवांतर साडेनऊ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. त्याच वेळी मीटरची एक कांडी टर्मिनलच्या शिशाच्या खुंटीवर व दुसरी त्यावरच्या चिमट्यावर धरली, तर चांगल्या जोडात ०.२ व्होल्टहून कमी आकडा दिसतो. अधिक दिसल्यास तो जोड दोषी. याच रीतीने धन तारेची व अर्थ-तारेची दोन्ही टोके क्रमाने तपासत गेले की दोष आपल्या जागी सापडतो. अनेक गॅरेजांत हे माप घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. दोन मिनिटांच्या या कामाने ग्राहकाचे हजारो रुपये वाचतात.

जोड साफ करताना चिमटा काढायचा तो ऋण टर्मिनलचा आधी, लावायचा तो शेवटी. नाहीतर धन बाजूवर काम करणारा पाना चॅसिसला टेकून मोठी ठिणगी उडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून क्षार धुवावा, तारेच्या ब्रशाने धातू चमकेपर्यंत घासावा, चिमटा घट्ट बसवावा आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. अंगठी व घड्याळ आधी उतरवून ठेवावे.

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला आणि मूलतः तेच रसायन आजही मोटारीत आहे. उष्णतेत तिच्या आतील क्रिया वेगाने होतात. त्यामुळे शिशाच्या जाळ्या लवकर झिजतात, पाणी आटते आणि दर १० अंशांच्या वाढीस आयुष्य सुमारे निम्म्याने घटते. हा ऱ्हास उन्हाळ्यात होतो पण दिसतो मागाहून, कारण उन्हाळ्यात एंजिनाचे तेल पातळ असते व ते फिरवणे सोपे असते. पहिल्या थंड पहाटे तेल घट्ट होते, बॅटरीचे बळ कमी पडते आणि दोष थंडीच्या माथी मारला जातो. ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात, तिच्यातील पाण्याची पातळी चैत्रापासून पावसाळ्यापर्यंत दर महिन्याला पाहावी. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षार घटांचा नाश करतात.

उभ्या गाडीचाही वीजखर्च चालूच असतो. घड्याळ, सायरन व संगणकीय नियंत्रक मिळून सुमारे ५० मिलिअँपिअर ओढतात असे धरले, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या गतीने महिन्याभरात रिकामी होईल आणि पंधरवड्यातच ती टकटकीच्या उंबरठ्यावर येईल. एकदा एंजिन सुरू करण्यात मात्र ०.१ अँपिअर-तासही खर्च होत नाही. म्हणजे बॅटरी संपते ती सुरू केल्याने नव्हे, उभे ठेवल्याने. गल्लीत पाच मिनिटे एंजिन नुसते चालू ठेवण्याचा रिवाजही फारसा उपयोगी नाही, कारण मंद गतीत आल्टर्नेटर थोडीच वीज देतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, शाहपूर-इच्छापूरच्या दिशेने म्हणा, गाडी चालवणे अधिक हिताचे आहे. महिनाभर गावाला जायचे असल्यास ऋण टर्मिनल सोडून ठेवावे.

दोष खुद्द चलित्रात असेल, तर झिजलेल्या ब्रशांमुळे सेल्फ कधी उचलतो, कधी नाही. लाकडी दांड्याने स्टार्टरच्या अंगावर हलके ठोकले की अडकलेला ब्रश क्षणभर टेकतो आणि गाडी सुरू होते. घरी पोचण्यापुरता हा तोडगा ठीक. पण तो करताना गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेकवर असलीच पाहिजे. कार्बन, बुश व सोलेनॉइडची चकती सुटी मिळतात आणि आर्मेचर जळले तर ते रिवाइंड करून देणारे कारागीर आपल्या शहरांत आहेत. संपूर्ण नवा स्टार्टर घेण्यापूर्वी त्यांचा सल्ला जरूर घ्यावा. पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर एकच जड ‘टक’ येऊन एंजिन जाम झाले असेल, तर मात्र पुन्हा किल्ली फिरवू नये. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि जबरदस्तीने कनेक्टिंग रॉड वाकतो.

अडल्या वेळी दुसऱ्या गाडीची मदत घेताना लाल केबल आधी रिकाम्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला. काळी केबल आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या एंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू साठलेला असू शकतो. हवेत ४ टक्क्यांपासून पुढे तो पेट घेतो. केळी वाहणारे ट्रक बऱ्हाणपूरच्या रस्त्यांवर सहज उपलब्ध असले, तरी त्यांची मदत घेऊ नये, कारण त्यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि मोटारीतील नियंत्रक जळून जातील. धक्का मारून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून गाडी सुरू करण्याची रीत हातगिअरच्या गाडीतच चालते, आणि बॅटरी पूर्णपणे निष्प्राण असेल तर नव्या गाडीत तीही निष्फळ ठरते, कारण इंधन सोडणाऱ्या नियंत्रकालाच वीज मिळत नाही.

गाडी सुरू झाल्यावर एंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का, हे मोजावे. १३ च्या खाली आकडा असेल तर आल्टर्नेटर अथवा त्याचा पट्टा दोषी असून नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल. बॅटरी खरोखरच संपली असल्यास जुनी भंगारात देऊ नये. तिच्यातील शिसे विषारी असते, आणि घरगुती भट्टीत ते वितळवल्याने गल्लीतल्या मुलांच्या रक्तात उतरते. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याविषयी देशात २००१ पासून नियम आहेत आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे; नवी घेताना विक्रेता जुनीची किंमत वजा करून ती स्वीकारतो.